वामनमास्तरांचं सैल जाकीट

गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर दुकानाबाहेर सांगायचा नाही, हा टेलरच्या धंद्यातला पहिला नियम. सगळी हयात मी तो पाळला. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत कुणाचा एक खांदा खाली आहे, कोण माप देताना श्वास ओढून उभा राहतो, कुणाची कंबर लग्नानंतर वर्षभरात कुठून कुठे गेली, हे सगळं माझ्या वहीत होतं आणि वहीतच राहिलं. बायकोलासुद्धा कधी बोललो नाही. तिने विचारलं नाही असं नाही हां, खूप विचारलं. पण ज्यांचं माप आज सांगणार आहे ते वामनमास्तर स्वतःच ही गोष्ट चारचौघांत सांगून खो खो हसायचे. म्हणून नियम एकदाच मोडतो. पक्षाचं नाव मात्र सांगणार नाही. त्या निवडणुकीत ज्यांनी मत दिलं त्यांना ते सांगायची गरजही नाही.

मी मूळचा मराठवाड्यातला. दिघ्यात आलो तो एका कंपनीत हेल्पर म्हणून. ठाणे-बेलापूर रोडवर तेव्हा नुसत्या कंपन्या, भोंगे आणि धूर. शिवणकाम मी गावाकडे शिकलो होतो, पण तिकडे आमच्या वस्तीतल्या माणसाकडे सदरा शिवायला टाकताना लोक दहादा विचार करायचे. इथे रोडच्या कडेला पत्र्याचं दुकान टाकलं, 'गौतम टेलर्स' अशी पाटी लावली, तर पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाइकांची रांग. कुणी जात विचारली नाही. फक्त 'कधी देणार?' एवढंच विचारलं. त्या एका प्रश्नाने पुढे आयुष्यभर माझं डोकं खाल्लं ती गोष्ट वेगळी.

टेलरिंग म्हणजे काय, हे बाहेरच्यांना वाटतं तितकं सोपं नाही. टेप कुणीही लावेल. कापड कापताना शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना थोडं जास्तीचं कापड सोडावं लागतं, त्याला आम्ही मार्जिन म्हणतो. माणूस अंगाने सुटला तर शिवण उसवायची आणि आतलं कापड बाहेर काढायचं. कच्चा टेलर मार्जिन खातो, उरलेल्या कापडातून आपल्या पोराची चड्डी काढतो. मी कधी खाल्लं नाही. माझ्या हातचा कपडा दोनदा सैल करता येतो असं लोक म्हणायचे, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

आणि माप हे माणसाचं घ्यायचं, वहीचं नाही. हे मी शिकलो दोन खेपांत. पहिली खेप एका नवरदेवाची. त्याची सेकंड शिफ्ट होती म्हणून त्याने माप द्यायला थोरल्या भावाला पाठवलं, "आमी दोघं सेमच आहे" म्हणून. सेम कसले! भाऊ पैलवान, नवरदेव काडी. लग्नात तो सूट घालून उभा राहिला तेव्हा सासऱ्याने विचारलं, "जावई अजून यायचेत का आत?" लोक हसले, मीही हसलो, आणि धडा विसरलो. दुसरी खेप वामनमास्तरांची.

वामनमास्तर बोनकोड्याचे. शाळेत गणित शिकवायचे. उंच, रुंद छातीचा, आवाजाला माइक न लागणारा माणूस. आणीबाणीच्या आधी त्यांनी माझ्याकडून एक जाकीट शिवून घेतलं होतं, तेव्हाचं माप माझ्या वहीत होतं. मग आणीबाणी आली. मास्तरांनी भरसभेत सरकारला चार प्रश्न विचारले आणि पाचव्याच्या आधी त्यांना उचललं. दीड वर्ष तुरुंगात. आमच्याकडे सगळे हळू आवाजात बोलायला शिकले. दुकानात राजकारण निघालं की मी मशीन जोरात चालवायचो, म्हणजे बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये.

आणि एक दिवस अचानक रेडिओवर निवडणूक जाहीर झाली. तुरुंगातली माणसं सुटायला लागली, आणि बघता बघता एक नवाच पक्ष उभा राहिला. आधी वेगवेगळे असलेले चार पक्ष एकात विरघळले. त्यात डावीकडचे होते, उजवीकडचे होते, सत्तेतून रुसून बाहेर पडलेले होते. सगळे म्हणे आता मधोमध येऊन बसले. "आपला रस्ता मधला," असं तांडेलशेठ ज्याला त्याला सांगायचे. तांडेलशेठ म्हणजे आमच्या पट्ट्यातले प्रचारप्रमुख. दहा ट्रकचे मालक, पांढरी पँट, पांढरे बूट, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय.

एका सकाळी तांडेलशेठ दुकानात आले. सोबत आणखी तिघं: एक टोपीवाला, एक दाढीवाला, एक युनियनवाला. चार जुन्या पक्षांचे चार पुढारी. महिन्यापूर्वी यातले दोघं एकमेकांचं नाव घेताना थुंकायचे. आता एका पक्षात होते, पण एका बाकावर बसायला तयार नव्हते. माझ्या दुकानात बाक एकच. टोपीवाला बसला म्हणून दाढीवाला उभा राहिला, दाढीवाला उभा म्हणून युनियनवाला दारात गेला.

तांडेलशेठ म्हणाले, "टेलर, वामनमास्तर सुटले. आपले उमेदवार तेच. परवा दिघ्यात सत्कार आहे. स्टेजवर त्यांना पक्षातर्फे जाकीट घालायचंय."

"रंग कोणता?" मी विचारलं. माझी चूक झाली.

अर्धा तास गेला. टोपीवाल्याला जो रंग हवा तो दाढीवाल्याच्या जुन्या झेंड्यात नव्हता. दाढीवाल्याचा रंग बघून युनियनवाला म्हणाला, "हा घालून कंपनीच्या गेटवर मी मास्तरांना नेणार नाही." तांडेलशेठांना पांढरं हवं होतं, बुटांना मॅचिंग. शेवटी मी कंटाळून राखाडी खादीचा तागा खाली ओढला. चौघांनी तो चाचपला. तो कुणाच्याच झेंड्यात नव्हता, म्हणून एकमताने पास झाला. देशात मधला रस्ता कसा निघाला मला माहीत नाही, दिघ्यात तरी असा निघाला.

"माप?" मी म्हटलं.

"मास्तर अजून ठाण्याला आहेत. तुझ्या वहीत आहे ना जुनं?"

"आहे की."

माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे! दीड वर्ष तुरुंगात राहिलेल्या माणसाचं माप मी वहीतून काढलं. छाती, कमर, पाठ, सगळं जुनं. दोन दिवस दुसऱ्या कामाला हात न लावता ते जाकीट शिवलं. काज हाताने केले, अस्तर सॅटिनचं लावलं. इतकं सुंदर झालं होतं की हँगरला लावून मी लांबून बघत बसलो होतो.

सत्काराला अख्खा दिघा लोटला. मास्तर स्टेजवर चढले आणि मी ओळखलंच नाही. गालाची हाडं वर आलेली, मान कॉलरमध्ये हरवलेली. तांडेलशेठांनी जाकीट घातलं. आई शप्पत, ते खुंटीला अडकवल्यासारखं लोंबलं! खांदे खाली घसरले, पुढे बटणं लावली तरी आत आणखी एक माणूस मावला असता. मला वाटलं, जमीन फाटावी आणि गौतम टेलर्स पाटीसकट आत जावं.

पण कुणी हसलं नाही. आधीचे मास्तर सगळ्यांना आठवत होते. ते जाकीट म्हणजे आधीचे मास्तर, आणि आतला माणूस म्हणजे आत्ताचे. दोन्हींमधलं अंतर आंधळ्यालाही दिसत होतं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मास्तर पाच मिनिटंच बोलले, काय बोलले मला आठवत नाही, इतरांनाही आठवत नसेल. दुसऱ्या दिवशी रबाळ्यापासून तुर्भ्यापर्यंत एकच विषय, मास्तरांचं जाकीट.

मी धावत तांडेलशेठांकडे गेलो. "शेठ, द्या इकडे, तासाभरात फिट करून देतो."

"खबरदार हात लावशील तर!" ते ओरडले. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे येड्या, लाख पोस्टरांनी झालं नसतं ते तुझ्या जाकिटाने केलं."

तर असा प्रचार सुरू झाला. मास्तर रोज तीन-चार गावं घ्यायचे, अंगात तेच जाकीट. आता हे आमच्या खाडीकाठच्या गावांतले लोक. शेतजमिनी नव्या शहरात चाललेल्या, पुढे काय होणार पत्ता नाही, पण दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवतील तर शपथ. त्यातून हा तुरुंगातून आलेला माणूस! ज्या गावात सभा तिथे जेवण. तांदळाची भाकरी, खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण, कोंबडी. मास्तर 'नको' म्हणाले की म्हाताऱ्या बायका दटावायच्या, "गप जेव." मत देऊ की नाही ते नंतर, आधी जेव.

आता जानकीकाकीबद्दल सांगायला हवं. मास्तरांची बायको. बोनकोड्याच्याच, चौथीपर्यंत शिकलेल्या, आवाज मास्तरांच्या वरचढ. मास्तर तुरुंगातून छातीचं दुखणं घेऊन आले होते. डॉक्टरांनी काकींना सांगितलं होतं, "वजन वाढतंय तोवर घाबरू नका. पण परत उतरायला लागलं तर एक दिवस थांबायचं नाही, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात आणायचं." काकींच्या भावाला याच दुखण्याने नेलं होतं, तोही असाच आधी थोडा सावरला आणि मग उतरत गेला. काकींच्या घरी वजनकाटा कुठला? त्यांनी आपला काटा शोधला. रोज सकाळी मास्तरांनी जाकिटाची बटणं लावली की काकी पोटापाशी हात आत घालून बघायच्या. पहिल्या दिवशी अख्खी मूठ गेली. मग चार बोटं. मग तीन. ज्या दिवशी दोनच बोटं गेली त्या दिवशी काकींनी शेजारपाजारी गूळ-खोबरं वाटलं. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

मतदानाला आठवडाभर राहिला असेल. दुपारी तांडेलशेठ जीप घेऊन हजर. बगलेत जाकीट.

"बटण तुटलंय," ते म्हणाले.

मी बघितलं. सगळी बटणं जागेवर.

तांडेलशेठ काउंटरवर ओणवे झाले. "गौतम, टेन्शन झालंय यार. मास्तर भरले! काल ऐरोलीत लोक काय म्हणाले माहितेय? 'मास्तर चांगले गुटगुटीत झाले.' गुटगुटीत! इलेक्शन आहे की बारसं? जाकीट एकदम बसायला लागलंय."

"मग चांगलंच की शेठ."

"कसलं चांगलं? मार्जिन आहे ना आत? सगळं काढ बाहेर. होतं तसं दिसलं पाहिजे. मास्तरांना बोलायचं नाही, त्यांना असलं काही सांगितलं तर ते जाकीटच फेकून देतील. पुढच्या वर्षी तीन कंपन्यांच्या युनिफॉर्मचं काम तुझ्याकडे लावतो. माझा शब्द."

मी लगेच हो म्हटलं नाही, हे सांगून स्वतःला जरा बरं वाटून घेतो. "माणूस सुटला की कपडा सैल करतात शेठ, सुटलाच नाही असं दाखवायला नाही," एवढं बोललो. पण युनिफॉर्मचं काम डोळ्यांपुढे नाचत होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तो पक्ष निवडून यायला हवा होता. मशीन जोरात चालवून बोलायचे ते दिवस मला परत नको होते. देशासाठी दोन शिवणी उसवल्या तर काय बिघडलं, अशी मनाची समजूत काढली आणि उसवल्या. दोन्ही बाजूंनी, पाठीतून, जेवढं होतं तेवढं सगळं मार्जिन बाहेर. इस्त्री अशी मारली की जुन्या शिवणीची खूण दिसू नये. काम फक्कड झालं. लबाडीची कामंही आपण मन लावून करतो, हा आमच्या हाताचा दोष.

चौथ्या दिवशी भर दुपारी जानकीकाकी दुकानात आल्या. एस.टी.ने आल्या होत्या, एकट्या. कापडी पिशवीतून जाकीट काढून काउंटरवर ठेवलं. चेहरा उतरलेला.

"बस काकी. पानी आनू?" त्यांच्याशी बोलताना माझी जीभही तिकडे वळायची.

"पानी नको. भाऊ, तुमची वही काडा. हे जाकीट मोजा आनि सांगा मना, मास्तर किती उतरले."

मला आधी समजलंच नाही. "उतरले? कोण म्हणतं?"

"कोन कशाला म्हनंल? माजी बोटं म्हनतात." आणि त्यांनी ते सगळं सांगितलं, मूठ, चार बोटं, तीन, दोन, गूळ-खोबरं. "परवा सकाली हात घातला तं परत चार बोटं. एका रातीत! माजा भाव असाच गेला. आधी सावरला आनि मंग एकदम उतरला. मास्तरना अजून सांगितलं नाय मी. दोन दिस पेज देते नुसती, म्हनलं पोटाला जड पडत असंल. उद्या त्यांना मुंबईला नेनार. निवडनूक गेली खड्ड्यात. मना फकस्त तुमी आकडा सांगा, डाक्टरला सांगाया."

बोलताना त्यांचा हात जाकिटावर होता आणि त्या हाताखाली माझी फक्कड इस्त्री. गप्प बसलो असतो तर काकी मास्तरांना हॉस्पिटलात नेणार, मतदानाला चार दिवस असताना उमेदवार गायब होणार. पण त्या वेळी मला उमेदवार वगैरे काही आठवलं नाही, खरंच सांगतो. मला फक्त ते दोन दिवस दिसले. या बाईने चुलीपुढे बसून ते कसे काढले असतील!

"काकी," मी म्हटलं, "मास्तर उतरले नाहीत. जाकीट वाढलंय. मी सैल केलंय ते."

मी जाकीट उलटं केलं, अस्तर बाजूला करून जुन्या शिवणीची ओळ दाखवली. बारीक भोकं होती, नीट बघितलं की दिसायची. काकींनी त्या ओळीवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत.

"कोनी सांगितलं तुमाना?"

"तांडेलशेठनी."

"आनि तुमी केलंत."

"हो काकी."

त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं. काकी बाकावर बसल्या, पदराने तोंड झाकलं आणि रडायला लागल्या. मी उभाच. मग पदराआडचा आवाज बदलला असं वाटलं. बघतो तर हसत होत्या! डोळ्यांतून पाणी चालू आणि हसणंही चालू. "अरे मेल्या, दोन दिस पेज पाजली रे मी त्यांना! काल रातच्याला म्हनत होते, 'जानके, एक बोंबील तरी भाज.' मी वसकन अंगावर गेले त्यांच्या!"

हसून झाल्यावर डोळे पुसले. "उसव ते."

"उद्यापर्यंत देतो काकी, नीट..."

"माज्यासमोर उसव. मी हलत नाय हितून."

मी बसलो. शिवणी परत आत घेतल्या. दर शिवणीला काकी उठून बघायच्या. निम्मं काम झालं आणि बाहेर जीप थांबली. तांडेलशेठ, संध्याकाळच्या बोनकोड्याच्या सभेसाठी जाकीट शोधत मास्तरांच्या घरी गेले होते, तिथून इकडे. आत आले, काकींना बघितलं, मशीनवर बघितलं आणि सगळं समजले. धंदेवाला माणूस, पटकन समजायचा.

"वहिनी," त्यांनी आवाजात साखर घातली, "चार दिवसांचा प्रश्न आहे. देशाचा प्रश्न आहे. मतदान झालं की हवं तेवढं घट्ट करा."

काकी उभ्या राहिल्या. तांडेलशेठांचा खांद्याकडे निघालेला हात मधेच थांबला.

"निवडनूक तुमची हाय शेठ. नवरा माजा हाय. तो बरा हाय का नाय ते मना कलाया पायजे, मंग देशाला."

तांडेलशेठांसारखा बोलका माणूस, पण बाहेर जाऊन जीपमध्ये बसला. मी शिलाई पूर्ण केली, इस्त्री मारली. काकी त्याच जीपमधून बोनकोड्याला गेल्या, पुढच्या सीटवर, जाकीट मांडीवर घेऊन.

मी सायकल काढून सभेला गेलो. जायची हिंमत होत नव्हती, पण राहवतही नव्हतं. काकींनी घरी जाऊन सगळं सांगितलं होतं, कारण मास्तर स्टेजवर आले तेच मुळी हसू दाबत. जाकीट अंगावर असं बसलं होतं की मला माझाच अभिमान वाटला. मास्तरांनी दोन्ही हात वर केले, गोल फिरून दाखवलं आणि म्हणाले, "मंडळी, नीट बघून घ्या. मी आता बरा आहे. तुम्ही जेवू घातलंत, हिने जेवू घातलं. आमच्यातल्या काही हुशार मंडळींना वाटलं, मी बरा झालो तर तुमची मतं जातील. माझी हाडं बघून मत देणार असाल तर देऊ नका. मी काय बोलतो ते ऐका, पटलं तर द्या."

मग त्यांनी जाकिटाची अख्खी गोष्ट सांगितली. माझं नाव घेतलं नाही, "आमचा एक टेलर" एवढंच म्हणाले, पण दिघ्यात टेलर किती होते? हशा थांबेना. तांडेलशेठ स्टेजच्या मागे पांढऱ्या बुटांकडे बघत उभे. गर्दीतून एक म्हातारी ओरडली, "मास्तर, आता मानूस दिसतंस! आधी भूत दिसत होतास!"

निवडून आले. देशभर त्या पक्षाची लाट होती, जाकीट घट्ट असतं किंवा सैल असतं तरी आले असते असं मला आता वाटतं. आमच्या रोडवर ट्रकवर उभं राहून गुलाल उधळला, टोपीवाला आणि दाढीवाला एकमेकांच्या गळ्यात पडले, मी स्वतः बघितलं. युनिफॉर्मचं काम मात्र ठाण्याच्या एका टेलरला गेलं. त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

दिल्लीला जायच्या आधी मास्तर दुकानात आले. मी खाली मान घालून टेप उचलला.

"एक नवं जाकीट शीव," ते म्हणाले. "या वेळी वहीतलं माप घेऊ नकोस."

माप घेतलं. मग ते म्हणाले, "आणि गौतम, आत मार्जिन ठेवायचं नाही. एक सूतभर नाही."

"असं कसं मास्तर? अंग सुटलं तर?"

"म्हणूनच. खासदार झालो म्हणून अंग सुटायला लागलं तर जाकीट फाटू दे. चारचौघांत फाटू दे."

मी हो म्हटलं. पण हात ऐकेना. मार्जिन न ठेवता कपडा शिवायचा म्हणजे माझ्या हाताला शिवी दिल्यासारखं. दोन्ही बाजूंना इंच-इंच ठेवलं, वरून अस्तर असं लावलं की कुणाला शंका येऊ नये. मास्तरांना फसवायची ही दुसरी वेळ, पण या वेळी मला वाईट वाटलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तीन वर्षंसुद्धा नीट झाली नाहीत. वर दिल्लीत भांडणं, खाली आमच्याकडे भांडणं. सरकार पडलं. चौघं पुढारी पुन्हा चार दिशांना गेले आणि एकेक करून माझ्याकडे आले, आपापल्या जुन्या रंगाचं जाकीट शिवायला. मी शिवली. धंदा आहे. पण टोपीवाल्याचं माप घेताना तो गुलाल आठवला, आणि मी आकडा दोनदा चुकलो.

पुढच्या निवडणुकीत मास्तर उभे राहिलेच नाहीत. ऐंशी सालात कधीतरी दुपारचे दुकानात आले, हातात दिल्लीचं जाकीट. "अस्तर विरलंय, बदलून दे." मी अस्तर उसवलं आणि आतलं कापड उघडं पडलं. बाहेरून जाकीट उन्हाने पार विटलं होतं. आत इंच-इंच पट्टी तशीच दुमडलेली, ताग्यातून आज काढल्यासारखी. तीन वर्षांत कुठल्याही टेलरने तिला हात लावला नव्हता.

मास्तर समोरच बाकावर बसलेले. लपवणं शक्य नव्हतं. "मास्तर, माफ करा," मी म्हटलं. "मी ठेवलं होतं मार्जिन."

"माहीत होतं."

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. गणिताचा मास्तर आहे मी, शिवण चाचपून बघणार नाही का?" ते हसले. "आधी राग आला तुझा. म्हटलं दिल्लीतल्या टेलरकडून कापून घेऊ. मग म्हटलं, राहू दे. सोयच कापून टाकली तर ती न वापरण्यात मी काय केलं? रोज सकाळी बटणं लावली की बाहेरून दाबून बघायचो, आहे ना अजून आत."

ते उठले, ती पट्टी दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाले, "शीव आता. हे आतच राहू दे."